हलक्या लायब्ररीत सिलेक्टरचं इंजिन कशाला?

कंसातला: वेबपानातले भाग (एलिमेंट) शोधून देणाऱ्या माझ्या छोट्या लायब्ररीबद्दल, म्हणजे तयार कोडच्या संचाबद्दल, काल इथे कोणीतरी लिहिलं, 'नुसत्या आयडीवर आणि टॅगवर एलिमेंट शोधणारी लायब्ररी अर्धवटच. सीएसएस सिलेक्टर घाला, नाहीतर बंद करा.' (सिलेक्टर म्हणजे कोणता भाग हवा ते सांगणारा नमुना; तो वाचून शोधणारा कोड म्हणजे इंजिन.) वाचून डोकं फिरलं. चार केबीत बसावी म्हणून दोन वर्षं मी एकेक ओळ छाटतोय. आणि सिलेक्टरने शोधणारं ब्राउझरचं स्वतःचं फंक्शन, क्वेरीसिलेक्टरऑल, तर २००९ मध्ये आयई ८ (इंटरनेट एक्सप्लोरर) मध्येही आलं होतं. मग सरळ तेच वापरा ना!

मधली ओळ: मीच लिहिलं ते. एखाद्या डिव्हच्या (पानातल्या कप्प्याच्या) आत 'डिव्ह पी', म्हणजे डिव्हमधले परिच्छेद, शोधून बघा. आत दुसरा डिव्ह नसला तरी सगळे पी हाती येतात, कारण ब्राउझर बाहेरचा डिव्हही जमेस धरतो. सिलेक्टरच्या आधी :स्कोप (शोध याच डिव्हपासून मोजा, असं सांगणारी खूण) लावायचं हे नव्या मुलांना कोण सांगणार? जेक्वेरी या गाजलेल्या लायब्ररीने २००६ मध्येच ही सोय दिली होती.

कंसातला: :स्कोपचं मान्य, पण ते चार ओळींचं काम. तुम्हाला अख्खं इंजिन हवंय. आमच्याकडे एकाने लिहिलं होतं तसं. क्लासचं (एलिमेंटला लावलेल्या लेबलचं) नाव ओळखायला रेगेक्समध्ये, म्हणजे मजकूर जुळवायच्या नमुन्यात, बॅकस्लॅश-डब्ल्यू; त्यात फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर बसतात. बातम्यांच्या साइटवर क्लास तालुक्यांचे, देवनागरीत. '.सातारा' सापडेचना! मग युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या कोडयादीचा) 'लेटर' हा गट लावला, तर गाडी 'स'वरच अडली. काना त्यात मोडतच नाही. ब्राउझरला मात्र '.सातारा' बिनबोभाट कळतं.

उकार: देवनागरीत क्लास ठेवायचेच कशाला? इंग्रजीत ठेवा, विषय संपला.

कंसातला: संपला कसा? बातम्या भरणाऱ्या ताई इंग्रजीत रोज वेगळं स्पेलिंग करायच्या. मराठीत एकदाही चुकल्या नाहीत. त्यांच्या सोयीचं काही नकोच का?

उकार: मराठीत चुकत नाही? मी 'कऱ्हाड'पायी दोन दिवस घालवलेत. एका कीबोर्डवर ऱ हा एकच कोड, दुसऱ्यावर र आणि खाली नुक्ता असे दोन. दिसायला तंतोतंत सारखं, पण सीएसएस कोड जसाच्या तसा ताडून बघतं. निम्म्या बातम्या गायब, आणि बोलणी मला!

मधली ओळ: मग लायब्ररीनेच नॉर्मलाइझ करावं, म्हणजे दोन्ही ऱ एकाच कोडात आणावेत.

कंसातला: अहो, सिलेक्टर नॉर्मलाइझ करून काय उपयोग? पानात र आणि नुक्ता तसाच राहिला तर जुळणार कसं? ते मजकूर साठवतानाच व्हायला हवं.

उकार: हे बरोबर आहे. आम्हीही शेवटी तेच केलं.

कंसातला: :स्कोपचा पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवा, घेतो. इंजिन घेणार नाही.

मधली ओळ: पाठवते. चाचणीत दोन्ही कऱ्हाड घालणार आहे. एक नापास होईल, ते काढू नका.