कपोलाला मालक व्हायची हौस नडली का?

तिसरी रांग
'मेगालोपोलिस' हा सिनेमा एकदाचा बघून संपवला. दोन बैठका लागल्या. द्राक्षमळ्यांच्या धंद्यातला वाटा विकून 'गॉडफादर'वाल्या दिग्दर्शकाने, फ्रान्सिस फोर्ड कपोलाने, पदरचे १२ कोटी डॉलर यात ओतले, आणि जगभरातून दीड कोटीही परत आले नाहीत. (ट्रेलरमध्ये समीक्षकांची खोटी वाक्यं घातली म्हणून माफी मागून तो मागे घ्यावा लागला, ते वेगळंच.)

माझं म्हणणं सरळ आहे. या माणसाला डोक्यावर कोणीतरी लागतो. 'द गॉडफादर'च्या वेळी पॅरामाउंट स्टुडिओला नट म्हणून ब्रँडो नको होता, पचीनो नको होता, चाळीसच्या दशकातला काळही नको होता. आज नारळ मिळतो की उद्या, या धाकात कपोलाने तो सिनेमा काढला. एकेका गोष्टीसाठी भांडावं लागलं, म्हणून एकेक गोष्ट विचार करून आली. पुढे १९८० साली लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचा स्टुडिओ घेतला आणि 'वन फ्रॉम द हार्ट'साठी अख्खं लास व्हेगास छपराखाली उभं केलं. अहो, खरं लास व्हेगास गाडीने चार-पाच तासांवर आहे! खर्च २ कोटी ६० लाख डॉलर, गल्ला १० लाखही नाही. हात दाखवून अवलक्षण.

हेडफोनवाला
मांडणी झकास, पण त्यातून १९७४ साल सोयीस्करपणे गळलंय. त्या एका वर्षातल्या 'द कॉन्व्हर्सेशन'ला फ्रान्समधल्या कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागाला सहा ऑस्कर. दोन्ही वेळी त्याला जवळपास मोकळं रान होतं. मग व्हिएतनाम युद्धावरचा 'अपॉकलिप्स नाऊ'. फिलिपिन्समध्ये वादळाने सेट उडवले, नायक मार्टिन शीनला छत्तिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला, खर्च हाताबाहेर गेल्यावर कपोलाने स्वतःची मालमत्ता तारण ठेवली. तिथे कोण बसलं होतं डोक्यावर? सिनेमा थोर झाला आणि पैसेही निघाले. उलट 'जॅक' (१९९६) बघा. डिस्नेचा सिनेमा, वर सगळे साहेब हजर. पाहवत नाही.

तुमच्या नियमाला अपवादच जास्त दिसतायत.

तिसरी रांग
'जॅक'चा मुद्दा मान्य, त्याची बाजू मी घेणार नाही.

पण 'नाही' म्हणायला साहेबच लागतो असं कुठे आहे? सत्तरच्या दशकात त्याच्या शेजारी तोडीस तोड माणसं होती. 'गॉडफादर'चा कॅमेरामन गॉर्डन विलिस सेटवर त्याच्याशी कडाकडा भांडायचा. बागेत बसलेल्या बापलेकाचा प्रसंग कपोलाला जमेना, तो पटकथाकार रॉबर्ट टाउनने लिहून दिला. आणि 'द कॉन्व्हर्सेशन'चं म्हणाल, तर कपोला 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागात अडकलेला असताना संकलक वॉल्टर मर्चने तो संकलनाच्या टेबलावर घडवला. त्यातल्या चोरून टेप केलेल्या एका वाक्याची किल्लीच मर्चच्या हातची आहे: तेच वाक्य, फक्त जोर वेगळ्या शब्दावर, आणि सगळ्या सिनेमाचा अर्थ फिरतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी इथेच थांबतो.

बोलपट
यावरून 'गॉडफादर'वर बेतलेला राम गोपाल वर्माचा 'सरकार' आठवला. त्यात अमिताभ बशीतून चहा पितो...

हेडफोनवाला
@बोलपट, त्याचा वेगळा धागा काढा, तिथे येतो मी भांडायला.

पिटातली
@तिसरी रांग, तुम्ही आता गोलपोस्ट हलवताय. आधी साहेब म्हणालात, मग सहकारी. बरं, सहकारी तर सहकारी. 'वन फ्रॉम द हार्ट'चा कॅमेरा व्हित्तोरिओ स्तोरारोचा आणि कलादिग्दर्शन डीन टॅव्हुलारिसचं. 'अपॉकलिप्स'चीच जोडी! शिवाय टॉम वेट्सची गाणी. सिनेमा पडला कारण त्यातल्या भांडणाऱ्या जोडप्याचं पुढे काय होईल याची कोणालाच पडलेली नव्हती. कथा तकलादू. एवढंच. त्यासाठी माणसाच्या स्वभावाचं शवविच्छेदन कशाला?

आणि त्या सिनेमात तो व्हॅनमध्ये बसून मॉनिटरवर बघत लाउडस्पीकरवरून सूचना द्यायचा, त्याची तेव्हा केवढी टिंगल झाली. आज कुठल्याही सेटवर जा, दिग्दर्शक मॉनिटरसमोरच बसलेला असतो.

हेडफोनवाला
मॉनिटरचं मूळ श्रेय विनोदी नट-दिग्दर्शक जेरी लुईसचं, त्याने १९६० सालीच वापरला होता. बाकी सहमत.

उधारखाता
सगळे सिनेमावर बोलताय, खतावणी कोणीच उघडत नाही. स्टुडिओ तीन-चार वर्षांत विकला, तरी कर्ज पुरं ऐंशीचं दशक मानेवर होतं. नंतरचे बरेच सिनेमे ते फेडायला घेतलेले आहेत. 'गॉडफादर'चा तिसरा भागही त्यातलाच. 'ड्रॅक्युला'ने (१९९२) खरा हात दिला, जगभर २० कोटी डॉलरच्या वर. आणि पोटापाण्याचं काम असूनही त्यात काय मजा केलीये! संगणक बाजूला ठेवून मूकपटांच्या काळातल्या क्लृप्त्या, आरसे, उलटी फिरवलेली फिल्म. इशिओका एइकोच्या पोशाखांना ऑस्कर मिळालं ते वेगळं.

हप्ते भरणाऱ्या माणसाला 'संपला' म्हणू नये.

पिटातली
+१. आणि त्याच हप्त्यांच्या काळातला 'रंबल फिश' (१९८३). ब्लॅक अँड व्हाईट, मासे तेवढे रंगीत, पार्श्वसंगीत 'पोलिस' बँडच्या स्टुअर्ट कोपलंडचं. माझ्या मते 'गॉडफादर'च्या खालोखाल. तोही आपटला होता.

तिसरी रांग
खालोखाल?! @पिटातली, इथे मात्र आपलं जमणार नाही. 'रंबल फिश'मध्ये ढगच इतके पळतात की माणसांकडे बघायला सवड मिळत नाही.

हप्त्यांचा मुद्दा बिनतोड. पण ते कर्ज काढलं कोणी? स्टुडिओ घ्या म्हणून कोणी गळ घातली नव्हती.

उधारखाता
तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यानेच १९८८ साली काढून ठेवलंय: 'टकर'. दुसऱ्या महायुद्धानंतर डेट्रॉइटच्या मोठ्या मोटार कंपन्यांना आव्हान देणाऱ्या प्रेस्टन टकरची खरी गोष्ट. एकूण ५१ गाड्या बनल्या आणि कारखाना बंद पडला. कपोलाच्या वडिलांनीही टकरमध्ये पैसे घातले होते. ते बुडाले. पोराने हे घरात बघितलं आणि तरी स्टुडिओ घेतला. सिनेमात शेवटच्या गाड्या रस्त्यावर येतात तेव्हा टकरचा चेहरा बघा आणि मग सांगा तो पस्तावलाय का.

तिसरी रांग
'टकर' पाहिलेला नाही, खरं सांगतो. रविवारी लावतो. एका बैठकीत झाला तर शीर्षक बदलीन.