पूरग्रस्तांना देवाविषयी काय सांगावे?

प्रश्न: ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेच्या पुराने कर्नाटकातील निपाणी-चिकोडी भागात घरे बुडाली, तेव्हा आमच्या मंडळीतर्फे (चर्चतर्फे) आम्ही चटया व मेणकापड घेऊन गेलो होतो. एका आजींनी कोंब फुटलेल्या जोंधळ्याचे पोते उघडून विचारले, ‘‘आमचं काय चुकलं होतं रे बाळा?’’ अशा वेळी ख्रिस्ती माणसाने काय उत्तर द्यावे?

प्रतिसाद १: काही चुकले नव्हते, हेच. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हते, असे येशूने स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे पुराला शिक्षा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

प्रतिसाद २: वचन खरे आहे, पण ते त्या पोत्याशेजारी उभे राहून ऐकवू नये असे मला मनापासून वाटते. मेलेल्या लाजर या मित्राला आपण पुन्हा जिवंत करणार हे ठाऊक असूनही येशू आधी रडला. आपणही आजींजवळ बसावे, आणि मग घरातला गाळ उपसायला फावडे हाती घ्यावे.

प्रतिसाद ३: येशूच्या दृष्टांतातील चांगल्या शोमरोन्याने, म्हणजे वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या शोमरोन प्रांतातल्या प्रवाशाने, जखमी माणसाची जात विचारली नाही, हे आपण नेहमी सांगतो, परंतु त्याने उतारशाळेच्या (धर्मशाळेच्या) रखवालदाराला दोन दिनार (चांदीची नाणी) देऊन, जास्त खर्च झाल्यास परत येताना फेडण्याचे वचनही दिले, याकडे आपले दुर्लक्ष होते. मदतीचा ओघ आटल्यावर पुन्हा जावे. भरपाईचे कागद कन्नडमध्ये असतात, म्हणून कन्नड लिहिता-वाचता येणारी दोन-तीन तरुण मुले सोबत न्यावीत, आणि मदतीच्या पिशवीत धर्मपत्रके मुळीच ठेवू नयेत.