गावची बियाणे बँक : दुष्काळात आणि पुरातही टिकेल अशी कशी करावी?

शिवार
गावरान ज्वारी, तूर, बाजरी, वाल यांचं बियाणं गावातच राखायचं ठरलंय. एखाद्या वर्षी पाऊस दडी मारतो, एखाद्या वर्षी घरात पाणी शिरतं. अशा वर्षांतून रानातली झाडं-झुडपं बरोबर तगतात. त्यांच्याकडून काय घेता येईल?

कोठार
टाकळा बघा. त्याचं सगळं बी एका पावसात उगवतच नाही. कवच टणक, त्यामुळे काही बी पुढच्या वर्षांसाठी मातीत पडून राहतं. म्हणून सगळं बी एकदम पेरू नका, निम्मं राखीव ठेवा. दुबार पेरणी आली की तेच कामाला येतं. आणि एका छपराखाली तर मुळीच नको. तीन घरांत वाटा, त्यातलं एक पूररेषेच्या वरचं. इकार्डा ही कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिची अलेप्पोजवळची जनुकपेढी, म्हणजे बियाण्यांचे नमुने जपणारं कोठार, सीरियातल्या युद्धात हातची गेली, पण नमुन्यांच्या प्रती नॉर्वेतल्या स्वालबार्ड बेटांवरच्या बर्फाळ बीजकोठारात होत्या. 2015 मध्ये त्या काढून लेबनॉन आणि मोरोक्कोत पुन्हा वाढवल्या.

बीजसखी
खरी गोची ओलाव्याची. बी सावलीत, वाऱ्यावर वाळवा. मग कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर बी आणि थोडं कोरडं मीठ घालून हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही म्हणजे काम झालं असं नाही, हवाबंद डब्यासाठी ओलावा 8 टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो. ओलं बी हवाबंद केलं की आतच तापतं, बुरशी धरते आणि कोंब मरतो. त्यापेक्षा उघडी कणगी परवडली.

शिवार
ताई, तूर आणि वालात भुंगेरे होतात. राख चालेल?

बीजसखी
चालेल, पण चाळलेली, कोरडी आणि भरपूर. दाण्यांमधल्या फटी भरल्या पाहिजेत. नुसती वरून भुरभुरवून उपयोग नाही. शेंगेत असतानाच अंडी घातलेली असतील तर कीड आतूनच निघते, म्हणून महिन्याने डबा उघडून बघाच.

रानवाट
बाजरीत परपरागीभवन होतं, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्यावर जातात आणि वाण मिसळतात. दुसऱ्या वाणापासून 200 मीटर लांब लावा आणि बी शंभरेक झाडांचं मिसळून घ्या. दोन-चार टपोरी कणसं निवडली की वाण दिसायला सुरेख, पण आतून एकसुरी होतो. 1970 मध्ये अमेरिकेतल्या बहुतेक संकरित मक्यात एकच नरवंध्य पेशीद्रव्य होतं, म्हणजे पराग न देणाऱ्या एकाच मादी-वंशाचा वारसा, आणि तोच करप्याला बळी पडणारा. करपा आला आणि देशाचं सुमारे 15 टक्के पीक गेलं.
दर उन्हाळ्यात 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा. ज्वारी 75 च्या खाली आली की त्या खरिपात किंवा रब्बीत पेरून बी नवं करून घ्या.