बौद्धिक दिव्यांगांसाठी चित्र-हस्तकलेची कार्यशाळा घ्यायची आहे (सांगली)

रेघोट्या, सांगली

नमस्कार मंडळी,

मी शाळेत चित्रकला शिकवते, राहायला विश्रामबागला. आमच्या भागातल्या काही पालकांनी विचारलंय की रविवारी सकाळी आमच्या मुलांसाठी चित्रकला, हस्तकला असं काही घ्याल का. ‘मुलं’ म्हणतात, पण सगळ्यात लहान मुलगी १४ वर्षांची आहे आणि सगळ्यात मोठा ३८ चा. बहुतेकांना बौद्धिक अक्षमता आहे. दोघांना डाउन सिंड्रोम, दोघं स्वमग्न (ऑटिझम), एकजण व्हीलचेअरवर. दहा-बाराजण होतील. मंदिरामागचा हॉल मिळतोय, तिथे पंखे आणि नळ दोन्ही आहे.

मला भरलेल्या वर्गात स्थिरचित्र शिकवायची सवय आहे, पण तसं इथे चालणार नाही. दिवाळीआधी एका ठिकाणी अशी कार्यशाळा बघायला गेले होते. पणत्या रंगवणं चाललं होतं. मुलीच्या हातात ब्रश आणि त्या हातावर आईचा हात. शेवटी सगळ्या पणत्या एकसारख्या, सुबक, विक्रीला ठेवण्याजोग्या झाल्या. ती मुलगी सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. मला असं घ्यायचं नाहीये.

साहित्य काय आणू? किती वेळ ठेवू? जे बोलत नाहीत त्यांना काय हवंय ते कसं विचारायचं? आणि पालकांचं काय करू? सगळे म्हणतायत, आम्ही शेजारीच बसतो, तुम्हाला मदत होईल.

मातीचे बैल, मिरज

ताई, मी विशेष शिक्षिका आहे. मिरजेत आमचा सुट्टीच्या दिवशीचा असाच एक गट चालतो. पणत्यांचं तुम्ही जे बघितलंत ते खूप ठिकाणी चालतं आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. घरी न्यायला काहीतरी छान दिसणारं द्यावं, एवढंच मनात असतं. पण त्या सगळ्या वेळात त्या मुलीने स्वतः एकही गोष्ट ठरवलेली नसते. कुठला रंग, तो कुठे लावायचा, कधी थांबायचं, हे तिला ठरवता यावं अशी व्यवस्था लावून देणं हे माझ्या मते आपलं काम. चित्र चांगलं आलं का, हे त्याच्या फार नंतर येतं.

आपली ही माणसं घरी काय ठरवतात ते आठवून बघा. कपडे आई काढून ठेवते, ताटात काय ते आई वाढते, रिमोट भावाकडे. ३० वर्षांच्या माणसाला ‘तुला कुठला हवा?’ असं विचारलेलंच नसतं. म्हणून पहिल्या पहिल्यांदा ते रंगाकडे बघण्याऐवजी तुमच्या तोंडाकडे बघतील, तुम्हाला कुठलं उत्तर आवडेल ते शोधत. त्याने खचून जाऊ नका.

विचारायचं असं. दोनच बाटल्या घ्या, दोन हातांत, जरा लांब लांब धरा. बोलू नका. मनातल्या मनात १० पर्यंत मोजा. हे मोजणं फार जड जातं, आपण तीनलाच ‘लाल हवा ना?’ म्हणून टाकतो. नजर वळली, खांदा वळला, बोट हललं की ते उत्तर धरा. मग बाटल्यांची अदलाबदल करून परत दाखवा, कारण काहीजण एकाच बाजूची वस्तू घेत राहतात. दोन्ही नको हेही उत्तरच आहे, ते मान्य करा.

साहित्य कमी आणा. १२ रंगांची पेटी उघडून ठेवलीत तर निवड करणं अवघड होऊन बसतं. दोन-तीन रंग पुरे. कागद जाड घ्या आणि चारी कडा मास्किंग टेपने टेबलाला चिकटवा, नाहीतर कागद सरकतो आणि सगळं लक्ष तो धरण्यातच जातं. ब्रशच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की पकड येते. रंगाच्या वाट्या बसक्या, जड. व्हीलचेअर टेबलाखाली जाते का ते आदल्या दिवशी बघून ठेवा, जात नसेल तर खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून चालेल. स्पायडरमॅनच्या रंगवायच्या पुस्तकांना मात्र माझा सक्त विरोध आहे. ३८ वर्षांच्या माणसापुढे ती ठेवू नका.

सांगलीत आहात, तर हळदीपासून सुरू करा की! पाण्यात कालवलेली हळद कागदावर फासायची, वाळू द्यायची आणि त्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेला ब्रश फिरवायचा. लाल-तपकिरी रेघ उमटते. त्यावर लिंबू पिळलं की रेघ पुन्हा पिवळी. कपड्यावर पडलेला हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तोच हा प्रकार. इथे कुणाला चित्र ‘यावं’ लागत नाही. हात फिरला की काहीतरी होतं आणि ते माझ्यामुळे झालं हे त्याच क्षणी दिसतं. वासही रोजच्या स्वयंपाकातला, म्हणून नवीन जागेत जरा धीर येतो. कुंकू करताना हळदीत चुना घालतात, तेव्हा कुणीतरी चुना सुचवेलच. तो हॉलमध्ये आणू नका, डोळ्यात गेला तर इजा होते. आणि हळद घरची किंवा ओळखीच्या गिरणीतली घ्या, कारण हात तोंडात जाणार.

आषाढात बैलांचा सण, बेंदूर येतो तेव्हा कुंभाराकडून मळलेली माती आणा. आमच्याकडे एक पस्तिशीच्या ताई आहेत, जेमतेम पाच-सहा शब्द बोलतात. बेंदराच्या आधी सगळे बैल करत होते. या ताई मात्र मातीचे छोटे छोटे गोळे तोडून टेबलावर ठेवत होत्या, ओळीने, प्रत्येकावर अंगठा दाबून. आई लांबून म्हणत होत्या, ‘अगं बैल कर की, शिंगं काढ.’ ताईंनी मान वर केली नाही. टेबल संपलं तेव्हा उठून पलीकडच्या टेबलावर ओळ चालू केली आणि आम्ही जवळ गेल्यावर म्हणाल्या, ‘सांडगे.’ त्यांच्या घरी उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण असतं, पण हाताने मोडतोड होईल म्हणून त्यांना कधी बसू दिलेलं नव्हतं. ओळी किती सरळ होत्या, काय सांगू तुम्हाला. आम्ही ते सांडगे तसेच वाळवले, खापरासारखे कडक झाले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या आईने त्यांना खऱ्या पिठाला बसवलं.

म्हणून मी नमुना कधीच ठेवत नाही. पुढे तयार बैल असता तर त्यांना सांडग्यांना हात घालताच आला नसता. तुम्ही स्वतःही त्यांच्या कागदावर रेघ ओढू नका. काही दाखवायचंच असेल तर तुमच्या वेगळ्या कागदावर दाखवा आणि तो लगेच उलटा ठेवा.

ओल्या मातीला हात न लावणारा एखादा तरी असतो. आग्रह धरू नका. माती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाहेरून दाबायला द्या, किंवा चमचा, लाटणं द्या.

एक तास पुरे. क्रम दर रविवारी तोच ठेवा. आम्ही चार चित्रं दोरीवर चिमट्याने लावतो: हात धुणे, काम, चहा-बिस्किट, घरी जाणे. एक झालं की ते चित्र उलटं करायचं. स्वमग्न मंडळींना याचा फार आधार होतो, पुढे काय हे सारखं विचारावं लागत नाही.

पालकांना बाहेर घालवू नका, पण शेजारीही बसवू नका. हॉलच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं वेगळं टेबल मांडा आणि त्यांनाही कागद, हळद, ब्रश द्या. हातात स्वतःचं काम आलं की मुलांवरची नजर आपोआप कमी होते. आमच्याकडच्या काही आयांनी शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदा ब्रश धरला तो असा.

सतारीचा बाप, मिरज

माझा मुलगा २४ वर्षांचा, डाउन सिंड्रोम. वरच्या मॅडमनी सगळं सांगितलंय, मी फक्त घरच्या बाजूने लिहितो.

पहिल्या रविवारच्या आधी प्रत्येक घरी एकदा जाऊन या, नाहीतर निदान फोन करा. फिट येते का, कुठल्या आवाजाची भीती वाटते, संडासला जायचं असेल तर तो कसं सुचवतो, हे विचारून लिहून ठेवा. आमचा पोरगा शर्टाचं बटण ओढतो. ते माहीत नसेल तर माणूस म्हणेल कपडे काढतोय.

दुसरं, फोटो. व्हॉट्सॲप स्टेटसला ‘देवाची लेकरं’ म्हणून फोटो लागतात, मला त्याचा फार त्रास होतो. फोटो काढण्याआधी आम्हाला तर विचाराच, पण त्यालाही विचारा. तो नको म्हणतो तेव्हा त्याला नकोच असतं.

मिरजेत सतारी-तानपुरे करणाऱ्यांच्या गल्लीत एकदा जाऊन या. पंढरपूर, मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, त्यातले फुटके, तडकलेले बाजूला पडतात. मागितले तर तुकडे देतात. रंगवायला मस्त, आणि बोटाने वाजवलं की घुमतात. ज्याला रंग नको त्याला आवाज.

रेघोट्या, सांगली

दोघांचेही मनापासून आभार. पालकांचं वेगळं टेबल हे मला सुचलंच नसतं. भोपळ्यांसाठी याच आठवड्यात मिरजेला जाते.

अजून एक विचारायचं होतं. दोन-तीन पालक आत्ताच म्हणतायत की वर्षअखेरीला प्रदर्शन करू, वस्तू विकू, म्हणजे लोकांना कळेल. नाही म्हणवत नाही, पण प्रदर्शन ठरलं की पुन्हा सुबक पणत्यांकडे गाडी वळेल असं वाटतं.

यवतेश्वरची वाट, सातारा

प्रदर्शन जरूर करा, फक्त तारीख आधी ठरवू नका. कामं साठू द्या, मग ठरवा. अमेरिकेत जुडिथ स्कॉट म्हणून एक कलावंत होऊन गेल्या. जन्म १९४३, डाउन सिंड्रोम, ऐकू येत नव्हतं, आयुष्याची कितीतरी वर्षं संस्थेत काढलेली. १९८७ मध्ये बहिणीने त्यांना ओकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथ या कलाकेंद्रात घातलं. सुरुवातीला जवळपास दोन वर्षं त्यांनी चित्रकलेत काही रस दाखवला नाही. नंतर धागे हाती लागले आणि वस्तूंभोवती सूत, दोरे गुंडाळून त्यांनी मोठमोठी शिल्पं केली. २००५ मध्ये त्या गेल्या. त्यांची कामं आज नावाजलेल्या संग्रहालयांत आहेत. त्या दोन वर्षांत कुणी प्रदर्शनाची घाई केली असती तर सूत हातात यायच्या आधीच त्या घरी बसल्या असत्या. आपल्याकडे इचलकरंजी जवळ आहे, यंत्रमागाचं वाया गेलेलं सूत आणून ठेवायला हरकत नाही.

विक्री केलीत तर पैसे ज्याचं काम त्याच्या हातात द्या, संस्थेच्या पेटीत नको. आणि एखाद्याला आपलं चित्र विकायचं नसेल तर ते विकू नका, कितीही मागणी आली तरी.

महापालिकेकडे हॉल किंवा मदत मागायला गेलात तर अर्जात दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम २९ लिहा. ते सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनाबद्दल आहे, आणि ती जबाबदारी स्थानिक प्राधिकरणांवरही टाकलेली आहे. उपकार मागितल्यासारखा अर्ज करू नका.

जमलं तर गटाला आमच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला घेऊन या. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं संग्रहालय यमाईच्या डोंगरावर आहे. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं एक शिल्पही आहे. सगळं दाखवायचा अट्टहास नको. ज्याला जिथे थांबावंसं वाटेल तिथे तो थांबू दे, म्हणून सोबत माणसं भरपूर आणा. व्हीलचेअरसाठी चढ आणि पायऱ्यांचं आधी फोनवर विचारून घ्या.

मातीचे बैल, मिरज

सातारकरांशी सहमत. प्रदर्शनाचं एक राहिलं. प्रत्येक कामाच्या मागे त्याच दिवशी नाव आणि तारीख घाला, पूर्ण नाव, ‘बाळू’, ‘पिंकी’ नको. शीर्षक आपण देऊ नये, त्यांनी काही म्हटलं असेल तर तेवढंच लिहावं. आणि वरची बाजू कुठली हे ज्याने काढलंय त्यालाच विचारून मागे बाण काढून ठेवा. टांगायच्या दिवशी आपल्याला झाड वाटतं म्हणून आपण कागद उभा लावतो आणि काढणाऱ्याने तो आडवा काढलेला असतो.

रविवारी जुने कपडे घालून पाठवा म्हणून पालकांना आत्ताच सांगून ठेवा, हळदीचे डाग जात नाहीत.