मदत हवी आहे : मुलीच्या मनातली कूलरची भीती कशी घालवावी?

नमस्कार. गेल्या मे महिन्यात नागपुरातल्या आमच्या घरी कूलरची मोटर मोठा आवाज होऊन जळाली, तेव्हा माझी चार वर्षांची मुलगी अगदी त्याच्यासमोर खेळत होती. तेव्हापासून कूलरच काय, मिक्सर सुरू झाला किंवा ओल्या खसचा नुसता वास आला, तरी ती माझी ओढणी मुठीत घट्ट धरून थरथरते. १९२० मध्ये वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी पांढऱ्या उंदरासोबत कर्कश आवाज करून एका बाळाच्या मनात भीती रुजवली आणि ती सशापर्यंतही पसरली, हे वाचताना मला माझीच मुलगी दिसली. (तो प्रयोग मला क्रूर वाटतो.) पुढे मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या दुसऱ्या एका मुलाला आवडीचा खाऊ देत पिंजऱ्यातला ससा हळूहळू जवळ आणला आणि त्याची भीती घालवली, १९२४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले.

त्याच धर्तीवर मी तिला अंगणात संत्रा बर्फी देते आणि आतल्या खोलीतला कूलर मंद चालू ठेवते. हे अंतर किती दिवसांनी कमी करावे? ती रडू लागली, तर कूलर लगेच बंद करावा का? उन्हाळा जवळ आला आहे; अनुभवी पालकांनी आणि बालमानसतज्ज्ञांनी कृपया सांगावे.