मुरबाडच्या वरकस जमिनीवर लावे टिकवायला काय पेरू?

ठाणेकर: राहतो कळव्यात, मुरबाडला एकरभर वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आहे. पावसाळ्यात लावे (तितरासारखे छोटे पक्षी) दिसतात, भात कापलं की गायब. मेव्हणा इंग्लंडात असतो; तिकडे शिकारीच्या रानात फेजंट (कोंबडीसारखे रानपक्षी) थांबावेत म्हणून मका, केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) पेरतात. इथे काय चालेल? शिकार नाही हो, नुसतं बघायचंय.

रानवाट: तेच बरं. १९७२च्या वन्यजीव कायद्याने लावा मारणं गुन्हाच आहे. केलचं डोक्यातून काढा. नाचणी-वरी पेरा, बांधावर तूर. तूर भातानंतरही उभी असते, आडोसा राहतो. थोडी नाचणी कापूच नका. आणि पेरणी विरळ ठेवा. लावा पायी फिरणारा, त्याला वर छप्पर नि बुडाशी मोकळी वाट लागते.

सुमनताई: पिल्लांना सुरुवातीला दाणे नाही, किडे लागतात. फवारणी बंद करा!

ठाणेकर: ताई, फवारतो कोण? पण भातानंतर गावची गुरं मोकाट सुटतात, तूर ठेवतील का?

सुमनताई: नाही ठेवणार. करवंदीच्या काट्यांचं कुंपण घाला, जाळीपेक्षा स्वस्त. शिवाय उन्हाळ्याआधी कडेने जाळरेषा (गवत आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) काढा, नाहीतर शेजारचा वणवा सगळं नेईल.