मदत हवी आहे: ट्रेकसाठी हलका ट्रायपॉड, पाय चार भागांचे की पाच?

हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याजवळ रात्री तारे टिपायचे आहेत, एक्स्पोजर १५ ते २० सेकंद. मिररलेस कॅमेरा वाइड लेन्ससह साधारण १.२ किलो. ट्रायपॉड हेडसकट (कॅमेरा बसतो तो वरचा भाग) दीड किलोच्या आत हवा आणि घडी ४५ सेंमीपर्यंत, म्हणजे सॅकच्या बाजूला बांधता येईल.

अडलंय पायांवर. वरची नळी २५ मिमीची असेल तर पुढचा प्रत्येक भाग साधारण ३ मिमीने बारीक होत जातो. चार भागांत शेवटची नळी १६ मिमी, पाच भागांत १३. घडी छोटी होते खरी, पण वाऱ्यात थरथरते ती हीच नळी. पाच भागांचा घेऊन शेवटचा भाग उघडायचाच नाही, हा तोडगा कुणी वापरतं का? उंची कमी मिळाली तरी हरकत नाही, स्क्रीन वळणारी आहे.

मधला दांडा वर काढणार नाही. दांड्याखालच्या हुकाला सॅक अधांतरी लटकवली की ती झुलून उलट कंप वाढवते, म्हणून जमिनीला टेकलेलीच ठेवणार. 'भार क्षमता ८ किलो' वगैरे छापील आकडे मी धरत नाही; त्यातून ताठपणा कळत नाही.

हाच ट्रायपॉड पुढे कोकणात किनाऱ्यावरही जाईल. वाळू आणि खारं पाणी आत गेल्यावर पायांची पिळायची लॉक घरी उघडून धुणं सोपं, की खटक्याची बरी? कार्बन फायबरमुळे तीनेकशे ग्रॅम वाचतात. चढाईत तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का? हेड अर्का-स्विस प्लेटचंच (कॅमेऱ्याखाली लावायच्या पट्टीचा प्रचलित प्रकार) हवं. मॉडेल सुचवताना शेवटच्या नळीचा व्यास जरूर लिहा.